पाप-पुण्याच्या हिशेबाकडून कृपेकडे : पंडिता रमाबाईंच्या जीवनप्रवासाचा एक विचार

१

पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) जीवनाकडे पाहण्याच्या दोन पद्धती मराठीत रूढ झालेल्या दिसतात. पहिल्या पद्धतीने लिहिणाऱ्यांना रमाबाई मुख्यत: स्त्रीसुधारक म्हणून महत्त्वाच्या वाटतात. त्यांची विद्वत्ता, विधवांसाठी काढलेले शारदासदन, दुष्काळातून वाचवलेल्या मुली यांचे वर्णन ते आदराने करतात आणि धर्मांतराचा प्रसंग आला की थोडे अवघडून पुढे जातात. दुसऱ्या पद्धतीच्या चरित्रांत रमाबाई ख्रिस्ती संत म्हणून अवतरतात. तेथे १८८३ पूर्वीचे त्यांचे आयुष्य म्हणजे अंधारातील केवळ एक पूर्वतयारी ठरते. पहिल्या पद्धतीत श्रद्धा वगळून कार्य उरते, दुसरीत श्रद्धा उरते पण ती ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आली तो प्रश्न हरवतो.

हा प्रश्न कोणता होता? रमाबाईंचे आत्मनिवेदनपर लेखन आणि त्यांच्या जीवनातील घटनाक्रम एकत्र ठेवून पाहिल्यास असे दिसते की, पाप म्हणजे काय, ते कोणाचे, आणि पापी माणूस देवाचा कसा होतो, हा प्रश्न त्यांच्या बालपणापासून अखेरपर्यंत त्यांच्याबरोबर होता. मराठी भाषेत पाप हा शब्द सहसा एकटा येत नाही. त्याच्या जोडीला पुण्य येते. पाप-पुण्य ही जोडी जमाखर्चाची आहे. एका बाजूला वाढले की दुसऱ्या बाजूला भरपाई करता येते. ख्रिस्ती धर्मविचारात मात्र पापाची जोडी पुण्याशी लागत नाही, कृपेशी लागते. तेथे हिशेब फेडण्याचा प्रश्नच नसतो. कारण फेडणे माणसाच्या हातात नाही, असेच गृहीत आहे. रमाबाईंचे जीवन म्हणजे या एका जोडीकडून दुसऱ्या जोडीकडे झालेला प्रवास होय, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. हा प्रवास सरळ नव्हता. त्याला सुमारे दोन तपे लागली, आणि बाप्तिस्मा हा त्यातील शेवटचा टप्पा नव्हता.

२

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न, परंतु एका बाबतीत बंडखोर होते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले आणि त्यासाठी सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. रमाबाईंना संस्कृतचे धडे दिले ते आईने. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि वर्षानुवर्षे गावोगाव पुराण सांगत हिंडले. कथा सांगावी, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, पुढचे तीर्थ गाठावे, असा क्रम होता. स्त्रीशिक्षणाच्या बाबतीत परंपरेशी भांडणारा हा शास्त्री इतर सर्व बाबतींत कमालीचा कर्मनिष्ठ होता, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. नद्यांची स्नाने, उपास, जपजाप्य, ब्राह्मणांना दाने यांत घरचे सर्व द्रव्य संपले. पाप धुऊन निघावे आणि पुण्याचा साठा व्हावा यासाठी हा खर्च होता, असे रमाबाईंनी पुढे लिहिले आहे.

१८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात या पुण्यसंचयाची कसोटी लागली. अंगमेहनतीचे काम करण्याची सवय नाही, भीक मागण्याची लाज, विद्येला गिऱ्हाईक नाही, अशा अवस्थेत कुटुंब उपाशी राहू लागले. एक वेळ अशी आली की, वृद्ध अनंतशास्त्र्यांनी पवित्र जलात देहत्याग करण्याचे ठरवले. थोड्या काळाच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. आईचे प्रेत उचलण्यास पुरेसे ब्राह्मण मिळेनात. चौथा खांदा रमाबाईंना द्यावा लागला, आणि उंची कमी असल्याने त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. रमाबाईंच्या चरित्रातील हा प्रसंग नेहमी करुण रसाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. परंतु त्याचा वैचारिक अर्थही आहे. ज्या व्यवस्थेने पुण्याचा मोबदला कबूल केला होता तिच्या वहीत या कुटुंबाच्या नावावर भरपूर जमा होती. तरीही अखेरच्या क्षणी त्याचा उपयोग झाला नाही. श्रीनिवास हा भाऊ आणि रमाबाई पुढे काही वर्षे हिंदुस्थानभर पायी फिरले. या भटकंतीत दोघांचाही कर्मकांडावरील विश्वास ढळत गेला.

३

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. विशीतील या तरुणीचे संस्कृतवरील प्रभुत्व पाहून तेथील पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. सन्मानाबरोबर एक कामही आले. पडद्यातील स्त्रियांना शास्त्राधारे त्यांची कर्तव्ये समजावून सांगावीत, अशी विनंती रमाबाईंना करण्यात आली. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचावयास घेतले. तोपर्यंत त्यांचा अभ्यास मुख्यत: पुराणे, काव्य आणि व्याकरण यांचा होता. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास उत्तेजन दिले.

या वाचनातून रमाबाईंनी काढलेला निष्कर्ष त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात नोंदवला आहे. अनेक बाबतींत परस्परांशी न जुळणारे हे ग्रंथ दोन बाबींवर एकमत आहेत असे त्यांना आढळले. एक, स्त्रीजात, मग ती उच्च जातीची असो वा नीच, स्वभावत:च दुष्ट आणि अपवित्र आहे. दोन, तिला पुरुषाप्रमाणे मोक्षाचा अधिकार नाही. पतिसेवेतून आणि पुढील जन्मांतून तिने काय मिळेल ते मिळवावे. हा निष्कर्ष शास्त्रग्रंथांच्या सर्व अंगांना न्याय देतो की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतात. येथे महत्त्वाचे आहे ते रमाबाईंच्या मनातील प्रश्नाचे रूप. येथून पुढे पाप ही कल्पना त्यांच्यासाठी सामान्य राहिली नाही. माणूस पाप करतो हे एक, आणि स्त्री ही पापरूपच आहे हे दुसरे. पहिल्या विधानात सुटकेची वाट असते, दुसऱ्यात नसते. कारण आपले स्त्रीपण कोणतीही स्त्री फेडू शकत नाही.

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह जात आणि प्रांत या दोन्ही मर्यादा ओलांडणारा होता. सिल्चर येथील संसारात त्यांच्या हाती लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत आली आणि एका बाप्तिस्त मिशनऱ्याशी त्यांची चर्चा होऊ लागली. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने मेधावींचा मृत्यू झाला. रमाबाई तेविसाव्या वर्षी विधवा झाल्या.

वैधव्यामुळे वर सांगितलेला प्रश्न पुस्तकातून थेट त्यांच्या देहावर आला. पतीचा मृत्यू हे पत्नीच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, ही समजूत एकोणिसाव्या शतकातील उच्चवर्णीय समाजात किती खोलवर होती याचे वर्णन रमाबाईंनी स्वत:च १८८७ च्या ‘द हायकास्ट हिंदू वूमन’ या इंग्रजी ग्रंथात केले आहे. विधवेचे केशवपन, तिचे एकभुक्त राहणे, मंगल प्रसंगी तिला दूर ठेवणे या सर्वांच्या मुळाशी हीच धारणा होती. घडलेले पाप तिला आठवत नाही, त्याचा पुरावा कोणाजवळ नाही, तरी शिक्षा मात्र आयुष्यभराची. रमाबाईंच्या पुढील कार्याची प्रेरणा दयेत होती असे म्हटले जाते, ते अपुरे आहे. या आरोपाला उत्तर देण्याची निकड त्या कार्याच्या मागे होती.

४

१८८२ मध्ये पुण्यास येऊन रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांचे सुधारक वर्तुळ यांचा त्यांना आधार होता. याच काळात ख्रिस्ती धर्माशी त्यांचा बौद्धिक परिचय वाढला. नीलकंठशास्त्री गोरे, अर्थात फादर नेहेम्या गोरे, हे स्वत: १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले चित्पावन पंडित होते. षड्दर्शनांचा अभ्यास असलेल्या माणसाने ख्रिस्ती सिद्धान्तांचे समर्थन शास्त्रीय पद्धतीने करावे, याचा रमाबाईंवर परिणाम झाल्याशिवाय राहिला नाही.

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने १८८३ मध्ये रमाबाई कन्येसह इंग्लंडला गेल्या. ऐकण्याच्या अडचणीमुळे तो हेतू पुढे सोडावा लागला. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांची सोय झाली. तेथून त्यांना काही काळ लंडनजवळील फुलहम येथे, याच भगिनींच्या एका शाखेत पाठवण्यात आले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना आसरा देण्याचे काम तेथे चाले. अशा स्त्रियांविषयी कोणी ममतेने बोलावे, त्यांची सेवा करावी, हे रमाबाईंनी यापूर्वी पाहिले नव्हते. या वागण्याचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना समजावून दिली.

ही कथा येथे थोडक्यात आठवणे आवश्यक आहे. यहुदी ज्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत अशा शोमरोनी लोकांपैकी ती एक स्त्री. पाच नवरे होऊन गेलेली, आणि आता जो आहे तो तिचा नवरा नव्हे. विहिरीवर भर दुपारी येशू तिच्याजवळ पाणी मागतो. तिचे सारे जीवन त्याला ठाऊक आहे हे तो लपवत नाही, पण त्यासाठी तिला दूरही लोटत नाही. उलट उपासनेचे खरे स्थान कोणते, हा धर्मशास्त्रातील गहन प्रश्न तो तिच्याशीच बोलतो.

रमाबाईंच्या दृष्टीने या कथेत दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. पाप नाकारलेले नाही. आणि तरीही पापी स्त्रीशी देवाचे नाते तुटलेले नाही. ज्या शास्त्रपरंपरेतून त्या आल्या होत्या तिच्यात, त्यांच्या वाचनाप्रमाणे, स्त्री पापी म्हणूनच ज्ञानाला अनधिकारी होती. येथे मात्र ज्ञान सांगण्यासाठी नेमकी तीच निवडली गेली होती. ख्रिस्ती सिद्धान्तानुसार आदामाच्या पतनापासून सर्व मनुष्यजात पापाधीन आहे. यालाच धर्मपंडित मूळ पाप म्हणतात. संत ऑगस्टीनपासून या कल्पनेचा पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर खोल ठसा आहे आणि आधुनिक काळात तिच्यावर निराशावादी म्हणून टीकाही झाली आहे. परंतु विधवेच्या जागेवरून पाहता ही कल्पना वेगळीच दिसते. सगळेच पापी असतील तर विधवा एकटी पापी उरत नाही. तिच्या पापाकडे बोट दाखवणारा शास्त्री, तिला हीन लेखणारा दीर, तिचे केस उतरवणारा समाज हे सर्व त्याच रांगेत येऊन उभे राहतात. पापाचे सार्वत्रिकीकरण हे येथे समतेचे तत्त्व ठरते. वरवर कठोर वाटणाऱ्या या सिद्धान्तात रमाबाईंना मोकळेपणा का मिळाला असावा, हे यावरून उमगते.

५

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापूर्वी थोडेच दिवस त्यांच्याबरोबर इंग्लंडला आलेल्या आनंदीबाई भगत या सखीने आत्महत्या केली होती. या दुर्घटनेची छाया त्या निर्णयावर होती हे विसरता येत नाही. महाराष्ट्रात या धर्मांतरावर कडाडून टीका झाली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या अंकांतून रमाबाईंची बाजू घेतली. स्त्रीला हीन ठरवणारे ग्रंथ वाचल्यावर शहाणी स्त्री त्यांच्या धर्मात का राहील, अशा आशयाचा त्यांचा युक्तिवाद होता.

बाप्तिस्म्याने प्रश्न सुटला, अशी मठातील मंडळींची समजूत होती. वाँटेजच्या भगिनी उच्चमंडळीय परंपरेच्या होत्या. बाप्तिस्म्याच्या संस्काराने माणसाचा नवा जन्म होतो, मूळ पाप धुतले जाते आणि त्यानंतर माणसाने मंडळीच्या शिस्तीत राहावे, अशी त्यांची शिकवण. पण रमाबाई त्या शिस्तीत बसेनात. त्रैक्याचा सिद्धान्त आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी त्यांना शंका होत्या, आणि त्या त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना तसेच चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या डोरोथिया बील यांना लिहिलेल्या पत्रांतून स्पष्टपणे मांडल्या. भगिनींच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. त्या शाकाहारी राहिल्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असे काही बिशपांचे मत पडले, तेव्हा आपल्या देशात आपण पुरुषांच्या सभांत बोललो आहोत याची त्यांनी आठवण करून दिली. देवाने दिलेली सदसद्विवेकबुद्धी आपण एका पुरोहितवर्गाच्या स्वाधीन करण्यासाठी दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या हातून सोडवली नाही, हा या पत्रव्यवहाराचा मथितार्थ आहे.

या वादाकडे रमाबाईंचा हट्टी स्वभाव म्हणून पाहिले गेले आहे. पण त्यामागे एक तात्त्विक भेद होता. मंडळीचे होणे आणि देवाचे होणे या दोन गोष्टी एकच आहेत असे भगिनींना वाटे. रमाबाईंना तसे वाटत नव्हते. बाप्तिस्म्याने त्या मंडळीच्या झाल्या होत्या. देवाच्या झाल्या होत्या की नाही, याविषयी त्यांची स्वत:चीच खात्री नव्हती. वीस वर्षे पुण्याचा हिशेब करून थकलेल्या मनाला आता मतांचा, नियमांचा आणि उपासनाविधींचा नवा हिशेब दिला जात होता.

६

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथील वास्तव्यात त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. १८९० मध्ये ते पुण्यास हलवण्यात आले. गोदूबाई, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई कर्वे झाल्या, त्या सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत. सदनात कोणावर धर्म लादला जाणार नाही असे रमाबाईंनी जाहीर केले होते.

१८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या जीवनात जो बदल झाला त्याची दखल साहित्याच्या अभ्यासकांनी फारशी घेतलेली नाही. विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम हे कॉर्नवॉलमधील उच्चमंडळीय परंपरेचे दीक्षित पाळक. १८५१ मध्ये, व्यासपीठावर उभे राहून उपदेश करीत असताना, आपण ज्याविषयी बोलत आहोत ते आपल्याजवळ नाही असा साक्षात्कार त्यांना झाला. लोकांना परिवर्तन सांगणाऱ्याचेच परिवर्तन भर उपासनेत व्हावे, ही घटना त्या काळी गाजली होती.

हे पुस्तक वाचताना रमाबाईंनी त्यात स्वत:ला ओळखले असल्यास नवल नाही. हॅस्लम दीक्षित होऊनही जे हुकले होते ते आपण बाप्तिस्मा घेऊनही हुकलो आहोत, असे त्यांना वाटले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु त्या धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त मिळाला नाही, असा या अनुभवाचा सारांश त्यांनी पुढे सांगितला. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आलेली ही जाणीव होती. त्यात पापाच्या कल्पनेला एक नवे वळण मिळाले. आतापर्यंत पाप म्हणजे स्त्रीवर लादलेला आरोप, किंवा शुभवर्तमानात वाचलेला सिद्धान्त. आता ते स्वत:च्या अंत:करणात सापडले. ते लादलेले नव्हते, म्हणून नाकारण्याची गरज नव्हती. आणि त्याची क्षमा मिळालेली होती, म्हणून फेडण्याचीही गरज नव्हती. अनंतशास्त्र्यांच्या घरातील जमाखर्च येथे बंद झाला असे म्हणता येईल.

ज्या मराठी वाचकाच्या कानावर संतवाङ्मयाचे संस्कार आहेत त्याला येथे पतित आणि पतितपावन ही जोडी आठवणे स्वाभाविक आहे. वारकरी संतांनीही आपले पतितपण मोकळेपणाने कबूल केले आणि देवाच्या करुणेवर भार टाकला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी याच वाटेने, तुकोबांचे बोट धरून, आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे मानले. रमाबाईंनी मात्र हा पूल वापरला नाही. त्यांची जडणघडण पुराणे आणि संस्कृत ग्रंथ यांत झाली होती. मराठी भक्तिपरंपरेशी त्यांचे नाते टिळकांइतके निकटचे नव्हते. परंपरेतील ज्या अंगाने त्यांना दुखावले त्याच अंगाला त्यांनी संपूर्ण परंपरा मानले, ही त्यांच्या विचाराची मर्यादा होय. त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे की, केशवपन झालेल्या बालविधवेला त्या काळी वाड्यात भेटत होते ते शास्त्राचे हेच अंग.

७

१८९१ नंतर रमाबाईंची प्रार्थना अधिक उघड झाली. सदनातील काही मुली आपणहून त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या. यावरून वाद पेटला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. मुलींना मज्जाव करणे म्हणजे त्यांच्या विवेकावर बंदी घालणे, असे रमाबाईंचे म्हणणे. आश्रित मुलीचे स्वातंत्र्य कितपत खरे, असे विरोधकांचे म्हणणे. दोन्ही प्रश्न खरे होते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. स्वत: दुष्काळात अनाथ झालेली ही बाई या मुलींकडे कोणत्या नजरेने पाहत असेल हे सांगण्याची गरज नाही. केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांवर गेली. शेती, विणकाम, छपाई यांचे शिक्षण तेथे मिळे. अंध स्त्रियांसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले. या संस्थेचा कृपासदन नावाचा एक विभाग होता आणि तो समाजाने पतित म्हटलेल्या स्त्रियांसाठी होता. फुलहम येथे १८८३ मध्ये पाहिलेले दृश्य केडगावात असे परतले, आणि पुण्याशी नव्हे तर कृपेशी पापाची जोडी लावणारे ते नावही बोलके आहे.

१९०५ च्या जून महिन्यात मुक्तिसदनात जे संजीवन झाले त्याचा उल्लेख टाळून रमाबाईंच्या पापविचाराची चर्चा पूर्ण होणार नाही. वेल्समधील १९०४-०५ च्या जागृतीची वार्ता आली होती; सदनात काही महिने नित्य प्रार्थना चालू होत्या. अचानक मुली मोठ्याने रडू लागल्या, आपली पापे उघडपणे कबूल करू लागल्या, आणि मग हर्षाने नाचू-गाऊ लागल्या. काहींच्या तोंडून अनोळखी भाषा निघाल्याचेही वृत्तांत आहेत. पाश्चात्त्य मिशनऱ्यांपैकी अनेकांना हा उन्माद वाटला. रमाबाईंना स्वत:ला अन्य भाषांचा अनुभव आला नव्हता; तरी त्यांनी या मुलींची बाजू घेतली. हिंदी लोकांनी देवापुढे आपल्या रीतीने रडावे वा हसावे, त्याला परकीय शिष्टाचाराचे माप लावू नये, अशी त्यांची भूमिका होती. वाँटेजच्या पत्रांतील स्वातंत्र्यवादी रमाबाई येथे पुन्हा दिसतात.

तथापि अभ्यासकाने येथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. आईबाप गमावलेल्या, भुकेतून वाचवलेल्या, दुसरा आसरा नसलेल्या मुलीने सामूहिक वातावरणात आपले पाप कबूल करणे, आणि विद्वान, प्रौढ रमाबाईंनी आठ वर्षांच्या झगड्यानंतर ते स्वत:त ओळखणे, या दोन गोष्टी सारख्या आहेत काय? ज्या कल्पनेने एका स्त्रीला लादलेल्या अपराधातून सोडवले तीच कल्पना दुसरीवर नव्याने लादली जाण्याचा धोका असतो. या मुलींनी स्वत: लिहिलेले फारसे आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही, म्हणून याचे उत्तर रमाबाईंच्या साक्षीवरून देता येणार नाही. मात्र मुक्तिसदनातील कबुलीत मुलींना अपराधी ठरवून बाजूला काढले जात नव्हते, एकत्र घेतले जात होते, एवढा फरक वैधव्याच्या अपराधाहून निश्चित होता.

८

आयुष्याची अखेरची सुमारे सतरा वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असल्याने ती खेड्यातील स्त्रीला कळत नाही, आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेले शब्द ख्रिस्ती आशय बिघडवतात, असे त्यांचे मत होते. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या पंडितेने संस्कृत शब्द जाणीवपूर्वक बाजूला सारावेत, ही मराठी गद्याच्या इतिहासातील विलक्षण घटना होय. हे भाषांतर वाङ्मयीन दृष्ट्या यशस्वी ठरले असे म्हणता येणार नाही. मूळ भाषेच्या रचनेशी ते फार जखडलेले आहे आणि मराठी मंडळीत ते रूढही झाले नाही.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यामागील अडचण उद्बोधक आहे. पापासाठी हिब्रूत जो सर्वपरिचित शब्द आहे त्याच्या मुळाशी नेम चुकण्याचा अर्थ आहे. ग्रीक शब्दाचेही तसेच. म्हणजे पाप हा मुळात डाग नव्हे, दिशा चुकणे होय. डाग धुवावा लागतो. दिशा चुकलेल्याला परत फिरावे लागते. मराठीतील पाप हा शब्द मात्र विटाळ, स्नान आणि प्रायश्चित्त यांच्या संगतीत वाढलेला आहे. तो टाळता येत नाही आणि जसाच्या तसा पुरतही नाही. रमाबाईंनी स्वत:च्या जीवनात जो शब्द नव्या अर्थाने जगून पाहिला त्याला भाषेत तो अर्थ मिळवून देणे त्यांना तितकेसे साधले नाही. हे अपयश त्यांच्या एकटीचे नाही. ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स यांच्यापासून सर्वच मराठी ख्रिस्ती लेखकांपुढे हा पेच उभा राहिला आहे.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. भाषांतराचे काम त्यांनी मृत्यूपूर्वी पुरे केले होते. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच खिळे जुळवून छापलेले ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

९

रमाबाईंच्या या प्रवासातून काही निष्कर्ष काढता येतात. एक, त्यांचे धर्मांतर आणि त्यांचे स्त्रीविषयक कार्य या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. दोहोंचे मूळ स्त्रीवरील पापाच्या आरोपात आहे. दोन, त्यांच्या बाबतीत धर्मांतराची तारीख एक नाही. १८८३ मध्ये त्यांनी धर्म बदलला. पाप आणि देव यांच्याशी असलेले नाते बदलले ते १८९१ च्या सुमारास. तीन, देवाचे होणे म्हणजे एखाद्या मंडळीच्या, राष्ट्राच्या किंवा पुरोहिताच्या स्वाधीन होणे नव्हे, हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. हिंदू समाजाने त्यांना परके ठरवले, इंग्लिश मंडळीला त्या अवघड वाटल्या, आणि मराठी वाङ्मयेतिहासाने त्यांना पुष्कळ काळ तळटीपेत ठेवले.

आईच्या प्रेताचा भार डोक्यावर घेऊन चाललेली मुलगी आणि केडगावच्या छापखान्यात अंधुक प्रकाशात मुद्रिते तपासणारी वृद्धा यांच्यामध्ये सुमारे अर्ध्या शतकाचे अंतर आहे. ते अंतर रमाबाईंनी एका शब्दाचा अर्थ शोधीत कापले. त्या शोधाचे उत्तर सर्वांना मान्य होईल असे नाही. परंतु तो प्रश्न बाजूस ठेवून रमाबाई वाचता येत नाहीत, एवढे मराठीच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावे.